कामाच्या बाईची खोली: चंदनबालेपासून आपल्या फ्लॅटपर्यंत



ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटियर उघडलं तर आपलं उरणचं बेट ‘करंजा’ या नावानेही भेटतं, आणि ते पनवेलच्या कारभारात मोडतं. आज करंजा म्हटलं की कोळी-आगरी गाव, मासळीच्या होड्या आणि रेवसला जाणारी लाँच एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथून आपल्या घरी कामाला येणारी मावशी संध्याकाळी आपल्या घरी परत जाते. तिचं दार, तिची कडी, तिची फळी तिथे असते. पण २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणला लोकल आली, मोठे फ्लॅट उभे राहिले, आणि आता आपल्या मंडळातही ‘चोवीस तासांची बाई मिळेल का?’ हा प्रश्न सारखा येतो. ती झोपणार कुठे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणून जुनं काय काय आहे ते वाचायला बसले.

सुरुवात मुंबईपासून करू. तिथल्या गुजराती, पारशी, मारवाडी घरांत कोकणातून आलेले घरगडी पिढ्यानपिढ्या राहिले. गड्याचं नाव काहीही असो, हाक ‘रामा’ अशीच. आपल्या जैन घरांतही तेच. नावच जिथे स्वतःचं उरलं नाही, तिथे खोलीची काय कथा! रामा झोपायचा गॅलरीत, जिन्याखाली, नाहीतर सगळ्यांची जेवणं आटपल्यावर स्वयंपाकघराच्या फरशीवर. मोठ्या इमारतींत नोकरांसाठी मागचा जिना आणि वेगळा संडास असे, पण ती सोय मालकांना ते दिसू नयेत म्हणून होती, त्यांना आडोसा मिळावा म्हणून नव्हे. कोकणातल्या चाकरमान्यांनी गिरगाव-परळकडे गावागावाच्या सामाईक खोल्या धरल्या होत्या. दाटीवाटीच्याच, पण भिंतीशी आपली ट्रंक ठेवायला हक्काची जागा. ज्याला ती मिळे त्याचं खाजगी आयुष्य त्या ट्रंकेत मावत असे. आणि काम सोडून जाताना कितीतरी घरांत तीच ट्रंक उघडून बघायची पद्धत होती.

आता आपल्या घरचं. चंदनबालेची कथा आपण पारण्याच्या निमित्ताने ऐकतो. बाकुळे, सूप, डोळ्यांतलं पाणी, प्रभूंचा पाच महिने पंचवीस दिवसांचा अभिग्रह. पण त्याआधीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. (श्वेतांबर परंपरेतली कथा सांगते आहे, दिगंबर कथेत तपशील वेगळे आहेत.) चंपेची राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली जाते आणि धनावह शेठच्या घरी राहायला येते. शेठ तिला मुलगी मानतो. एकदा ती त्याचे पाय धूत असताना तिचे केस सुटतात आणि तो ते सावरतो. मूला शेठाणी वरून पाहते. पुढे केस कापले जातात, पायांत बेड्या पडतात, आणि तीन दिवस खोलीचं दार बंद. नोकरांना तोंड उघडायची बंदी. शेवटी एक म्हातारी दासीच धीर करून शेठला सांगते.

मूलेला आपण खलनायिका म्हणून सोडून देतो. मला वाटतं, ती घरातल्या सत्तेचं अगदी साधं चित्र आहे. परक्या घरात राहणाऱ्या मुलीवर सतत नजर, तिच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ मालकीण लावणार, आणि दार कधी बंद व्हायचं तेही मालकीणच ठरवणार. आज तीच नजर स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात आहे.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात शेत-घर, सोनं-चांदी, धन-धान्य यांच्या जोडीला दासी-दासही मोजले आहेत. वाचताना काटा येतो, पण त्या काळात माणूस मालमत्तेत धरला जाई, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वेळी पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार बघा: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेपेक्षा जास्त भार टाकणं, अन्नपाणी अडवणं. प्रतिक्रमणात हे म्हणताना आपल्या मनात बैल येतो. मूलेच्या घरी यातलं बांधणं आणि अन्नपाणी अडवणं एका मुलीच्या वाट्याला आलं होतं.

कायद्याला इथवर यायला फार वेळ लागला. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि संघटना उभी राहिली, पण त्या होत्या संध्याकाळी घरी जाणाऱ्या बाया. एकमेकींना भेटू शकणाऱ्या. घरात राहणारीला कुठली आली मीटिंग? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाचं ठिकाण मानलं.

२०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार (क्रमांक १८९) केला. घरात राहणाऱ्या कामगाराचा खाजगीपणा जपा, तिची कागदपत्रं तिच्याकडेच राहू द्या आणि सुट्टीच्या वेळी तिला घरात अडकवू नका, असं त्यात आहे. सोबतच्या शिफारशीत तर वेगळी हवेशीर खोली, तिला कुलूप, आणि चावी त्या बाईकडे, इतकं स्पष्ट लिहिलं आहे. भारताने बाजूने मत दिलं, पण करार अजून मंजूर केलेला नाही. स्वतंत्र खोली सगळ्यांना जमणार नाही, आपल्या दोन बेडरूममध्ये कुठून आणायची? पण कुलूप लागणारं एक कपाट, कपडे बदलायला आतून कडी लागणारी जागा, आणि रात्री ‘जरा पाणी दे गं’ अशी हाक येणार नाही असे ठरलेले तास एवढं तरी जमतंच.

त्याच शिफारशीत जेवणाबद्दल एक कलम आहे: कामगाराच्या रीतिरिवाजाला आणि धर्माला शक्य तितकं जुळणारं अन्न द्यावं. इथे आपली खरी अडचण होते. माझ्या स्वयंपाकघरात मासळी येणार नाही, कांदा-लसूणही नाही, आणि ते कामावर घेतानाच सांगायला हवं. पण आपला चौविहार आपला, तिचा नव्हे. तिला रात्री आठला भूक लागली तर तिला ताट मिळायला हवं. आणि रविवारी ती करंज्याला आपल्या घरी जाऊन काय जेवून आली, हे दारात उभं राहून विचारण्याचा मला काहीएक अधिकार नाही.