तळटीप : पीटर विम्झी आणि हॅरिएट व्हेन

१२. नाशिकच्या वाचकांवरील या प्रकरणात उल्लेख आलेली ही जोडी डोरोथी सेयर्स यांच्या चार कादंबऱ्यांतली आहे. ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये (१९३०) पूर्वीच्या प्रियकराला विष दिल्याच्या आरोपातून पीटर हॅरिएटला सोडवतो आणि लग्नाची मागणी घालतो. उपकाराच्या ओझ्याखाली होकार देणे तिला मान्य नाही. ‘हॅव हिज कार्केस’ (१९३२) ओलांडून ‘गॉडी नाइट’च्या (१९३५) शेवटी ती होकार देते. ‘बसमन्स हनिमून’ (१९३७) ही लग्नानंतरची कथा.

इयन कार्मायकेल यांच्या १९७२ ते १९७५ मधील बीबीसी मालिकांत हॅरिएट नव्हती. १९८७ साली बीबीसीने पहिल्या तीन कादंबऱ्या दहा भागांत सादर केल्या. एडवर्ड पेथरब्रिज पीटर, तर हॅरिएट वॉल्टर नायिका. चौथी कादंबरी या मालिकेत नाही. ‘गॉडी नाइट’ तीन भागांत बसवताना ऑक्सफर्डमधील विदुषींचे वादसंवाद आक्रसले. हॅरिएटचा होकार ज्या विचारांतून उमलतो, ते विचार तिथेच आहेत. म्हणून ही काटछाट जिव्हारी लागते.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण म्हणजे बासू चटर्जी यांची दूरदर्शनवरील हिंदी मालिका ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३). शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथेत ब्योमकेश सत्यवतीच्या भावावरचा खुनाचा आळ दूर करतो आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. रजित कपूर यांच्यासोबत सत्यवतीची भूमिका सुकन्या कुलकर्णी या मराठी अभिनेत्रीने केली. सेयर्स यांच्या कादंबऱ्या मात्र वाचकांनी प्रकाशनक्रमानेच वाचाव्यात, आणि मालिका त्यानंतर पाहावी.