व्यसनमुक्तीची पुण्यांतील वाट

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, व्यसनी मनुष्यास दुर्वर्तनी ठरवून मोकळें होण्याची रीत जुनीच. ती मोडावयास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ काढलें, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचें द्रव्यसाहाय्य त्यास लाभलें. व्यसन हा आजार आहे, ही तेथील पहिली शिकवण. औषधानें शरीर सावरतें. मन सावरण्यास समुपदेशन व समूहांतील मोकळी कबुली लागते. व्यसनाचा घाव साऱ्या घरावर पडतो, म्हणून पत्नींसाठीं ‘सहचरी’ गट निघाला. बरे झालेले कित्येक रुग्ण पुढें समुपदेशक झाले. घरानें ज्याच्यावरचा विश्वास सोडला, त्याच्याच हातीं दुसऱ्याचा हात सोंपविणें, यांत या उपचाराचें मर्म आहे.