रजोनिवृत्तीनंतर त्वचा आणि चेहऱ्यावरील केस : बदल कोणते, उपाय कोणते

चेन्नई : रजोनिवृत्तीच्या सुमारास त्वचा कोरडी व पातळ होणे आणि हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर राठ केस उगवणे, हे बदल अनेक स्त्रियांमध्ये दिसतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात आणि योग्य उपायांनी आटोक्यात राहतात. मात्र संकोचापोटी डॉक्टरांकडे न जाता केलेले उपचार बरेचदा मूळ तक्रारीपेक्षा अधिक त्रासदायक ठरतात. बाराही महिने कडक ऊन आणि दमट हवा असलेल्या चेन्नईसारख्या शहरात या प्रश्नाला आणखी काही पैलू आहेत.

बदल का होतात?

सलग बारा महिने मासिक पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ वर्षांच्या आसपास असते; भारतीय स्त्रियांमध्ये ते साधारणपणे ४६ ते ४७ वर्षे आढळते. या काळात अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण झपाट्याने घटते.

त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन, तिच्यातील ओलावा आणि तैलग्रंथींचे कार्य या तिन्हींना इस्ट्रोजेनचा आधार असतो. तो सुटल्यावर रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होते. त्यानंतरही ही घट मंद गतीने चालू राहते. त्यामुळे त्वचा सैल पडते, तिला खाज सुटते आणि जखमा भरून येण्यास वेळ लागतो.

केसांचे कारण थोडे वेगळे आहे. टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन गटातील संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात. रजोनिवृत्तीनंतर त्यांची पातळी इस्ट्रोजेनइतक्या वेगाने खाली येत नाही. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन कमी झाल्याने मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव तुलनेने वाढतो. परिणामी चेहऱ्यावरील मऊ लव काही ठिकाणी जाड, काळ्या केसांत बदलते. याच कारणाने डोक्यावरचे केस मात्र विरळ होऊ शकतात.

शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढल्यास हीच अवस्था एकाएकी येते. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये चर्चेत आला होता. अशा शस्त्रक्रियेत अंडाशये राखली आहेत की काढली आहेत, हे स्त्रीला ठाऊक असणे आणि कागदपत्रांत नोंदलेले असणे पुढील उपचारांसाठी महत्त्वाचे ठरते.

हळदीची परंपरा

तमिळनाडूत स्नानाच्या वेळी चेहऱ्याला हळद लावण्याची चाल जुनी आहे. हळदीने त्वचा नितळ राहते आणि चेहऱ्यावर केस उगवत नाहीत, असा समज त्यामागे आहे. महाराष्ट्रात सांगलीला जे स्थान आहे, तेच हळदीच्या व्यापारात तमिळनाडूतील इरोडला आहे. मात्र चेहऱ्यासाठी स्वयंपाकातील हळद न वापरता ‘कस्तुरी मंजळ’ म्हणजे कस्तुरी हळद पसंत केली जाते, कारण तिचा पिवळा डाग फारसा राहत नाही. तिच्यात ‘कुप्पैमेनी’ या वनस्पतीच्या पानांची पूड मिसळून लेप लावण्याचाही प्रघात आहे. ही वनस्पती मराठीत खोकली या नावाने ओळखली जाते. चेन्नईत मैलापूरसारख्या जुन्या वस्त्यांतील काष्ठौषधींच्या दुकानांत हे जिन्नस आजही मिळतात.

हळदीत दाहशामक गुण आहेत. परंतु रजोनिवृत्तीनंतर उगवलेले राठ केस अशा लेपांनी नाहीसे होतात, याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. या वयात त्वचा पातळ झालेली असल्याने रोज खरखरीत पूड घासल्यास ती सोलवटते आणि सावळ्या वर्णावर काळे डाग मागे राहतात. हळद लावायचीच असेल तर ती बारीक वस्त्रगाळ असावी, न घासता लावावी आणि प्रथम हाताच्या आतील बाजूस लावून पाहावी.

केस काढण्याच्या पद्धती

मोजकेच केस असल्यास चिमट्याने उपटणे किंवा कात्रीने कापणे पुरेसे असते. वस्तऱ्याने केस काढल्यास ते अधिक दाट येतात, हा समज चुकीचा आहे. कापलेले टोक बोथट असल्यामुळे केस केवळ जाड वाटतो. थ्रेडिंग व वॅक्सिंगने केस मुळासकट निघतात. मात्र त्यामुळे केसांच्या मुळाशी पुळ्या आणि पुढे काळे डाग येण्याचा संभव असतो. नाजूक त्वचेवर गरम मेण टाळणे बरे. ब्लीचने केसांचा केवळ रंग फिका होतो.

लेझर उपचारात केसातील काळे रंगद्रव्य उष्णता शोषून घेते व मूळ दुबळे होते. म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही. हनुवटीवरचे केस पांढरे होण्यापूर्वी हा उपचार घेतल्यास फायदा अधिक होतो. दक्षिण भारतीय वर्णाला भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका असतो. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते. उपचाराच्या अनेक बैठका लागतात. काही स्त्रियांमध्ये लेझरनंतर आजूबाजूचे केस उलट वाढल्याचेही आढळले आहे. त्यामुळे हा उपचार त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस हा पर्याय उरतो. यात प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विद्युत्प्रवाह सोडला जातो. ही पद्धत १८७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील डॉ. चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी वापरली होती. ती वेळखाऊ असली तरी केस कायमचे काढते.

एफ्लोर्निथिन हे मूळचे निद्रारोगावरचे औषध. त्याच्या मलमाला चेहऱ्यावरील केसांसाठी अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. त्याने केस गळत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. परिणाम दिसण्यास सुमारे आठ आठवडे लागतात आणि मलम थांबवल्यास केस पूर्ववत वाढतात. स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्याही काही रुग्णांना दिल्या जातात. मात्र त्या रक्तातील पोटॅशियम वाढवू शकतात. म्हणून रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या स्त्रियांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत.

ऊन, घाम आणि कोरडेपणा

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये असा दोनदा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. हिवाळ्यातही अतिनील किरणांची तीव्रता फारशी ओसरत नाही. त्यामुळे वांग व काळे डाग अधिक गडद होतात. बाहेर पडण्यापूर्वी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे आणि घाम येत असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वांग असल्यास आयर्न ऑक्साइडयुक्त, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते.

हवा दमट असली तरी दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या स्त्रियांची त्वचा कोरडी पडते. कोमट पाण्याने अंघोळ, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले मॉइश्चरायझर हा साधा क्रम लाभदायक ठरतो. चेहऱ्यासाठी तेलविरहित पातळ लोशन निवडावे. घट्ट क्रीम आणि घाम एकत्र आल्यास पुटकुळ्या वाढतात.

क्रीमपासून सावधान

डाग लपवण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टिरॉइडयुक्त मलमे हे मोठे संकट आहे. सुरुवातीस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मलम घेतले, तीच बळावते. मलम अचानक थांबवल्यास चेहऱ्याची आग होते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावे लागते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा १४ मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री बंद केली. गोरेपणाच्या बेकायदा क्रीमांमध्ये पाराही आढळतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमांचा संबंध मूत्रपिंडाच्या विकाराशी असल्याचे उघड झाले होते.

काही औषधांनीही केस वाढतात. टिबोलोन, डॅनाझोल, फेनिटॉइन तसेच टक्कल पडू नये म्हणून लावले जाणारे मिनॉक्सिडिल ही त्यांतील काही होत. मिनॉक्सिडिल कपाळावर ओघळू देऊ नये. संप्रेरक उपचाराने त्वचेत थोडी सुधारणा होऊ शकते, परंतु केवळ त्वचेसाठी तो घेण्याची शिफारस केली जात नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

केसांची वाढ वर्षानुवर्षे हळूहळू झाली असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. मात्र काही आठवड्यांत किंवा महिन्यांत केस वेगाने वाढणे, छाती-पाठीवरही केस येणे, आवाज घोगरा होणे, कपाळाच्या दोन्ही बाजूंना टक्कल पडणे किंवा रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव होणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब करू नये. क्वचित प्रसंगी अंडाशयातील किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ त्यामागे असते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनची तपासणी आणि सोनोग्राफी यांवरून निदानाची दिशा ठरते. अशा वेळी केस काढून टाकून लक्षण झाकल्यास निदान लांबते. त्याचप्रमाणे रंग, आकार बदलणारा तीळ किंवा महिनाभरात न भरणारी जखम त्वरित दाखवावी.

चेन्नईत एग्मोर येथील १८४४ मध्ये स्थापन झालेले शासकीय स्त्री रुग्णालय आणि मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरील राजीव गांधी शासकीय सर्वसाधारण रुग्णालयाचा त्वचारोग विभाग येथे या तक्रारींवर तपासणी होते. इतर शहरांतील स्त्रियांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग व त्वचारोग या दोन्ही विभागांचा सल्ला एकाच ठिकाणी मिळू शकतो. जाताना चालू औषधांची यादी, वापरात असलेल्या क्रीमच्या नळ्या आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत.