वरकस जमिनीचा धडा

महाड-पोलादपूरच्या मधुमेहींना ‘भात सोडा, पोळी खा’ असे सांगणे सोपे आहे. पण हा सल्ला या मातीतला नाही. 1883 च्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खाचरात भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी अशी वाटणी दिसते. कष्टकऱ्याचे पोट बरेचसे वरकसावर भरे. पुढे मुंबईच्या पगारातून मनिऑर्डरी येऊ लागल्या, रेशनचा तांदूळ आला आणि उतारावरची शेती मागे पडत गेली. ताट बदलण्यामागे खाणाऱ्याच्या जिभेपेक्षा हा इतिहास अधिक आहे. म्हणून आहारशिक्षणाने दोष देण्याऐवजी इथल्याच पिकांपासून सुरुवात करावी.

यावर आक्षेप येईल की नाचणीही पिष्टच. तो रास्त आहे. चार भाकऱ्या आणि वर आंबील घेतल्यास साखर चढणारच. शिवाय जुन्या ताटामागे दिवसभराची डोंगरातली चढ-उतार होती. ‘आम्ही तर सडपातळ’ हा दिलासाही फसवा. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सुरू केलेल्या अभ्यासात सरासरी सुमारे 2.7 किलोच्या, म्हणजे हलक्या, नवजात बाळांतही वजनाच्या मानाने चरबीचे प्रमाण जास्त आढळले. तेव्हा पूर्वजांचे ताट हे औषध नव्हे आणि त्याच्या भरवशावर गोळ्या थांबवणे धोक्याचेच. पण भाकरी किती, भात किती, सोबत कुळथाची पिठी आणि पालेभाजी किती, हे रुग्णाला स्वतःच्या चुलीपाशी ठरवता येते. परका आहारतक्ता ते बळ देत नाही.