खेळ आणि थेट प्रक्षेपण एकाच संगणकावर : सुटे भाग निवडताना

मुंबई : संगणकावर खेळ खेळणे आणि तोच खेळ त्याच वेळी प्रेक्षकांना दाखवणे, ही यंत्राच्या दृष्टीने दोन निराळी कामे आहेत. फुल एचडी आकाराची, सेकंदाला साठ फ्रेमची दृश्यमालिका जशीच्या तशी पाठवायची झाल्यास सेकंदाला सुमारे तीन गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागेल. ट्विचवर प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी दीर्घकाळ रूढ असलेली मर्यादा मात्र सेकंदाला सहा मेगाबिटांची आहे. म्हणजे ही माहिती सुमारे पाचशे पटींनी आवळावी लागते, आणि तेही खेळाच्या वेगाला धक्का न लावता, सेकंदाला साठ वेळा. आवळण्याचे हे काम संगणकाचा कोणता भाग करणार, या प्रश्नावर पुढची बहुतेक खरेदी अवलंबून असते. लाखाच्या घरात जाणाऱ्या खर्चाचा क्रम इथेच चुकतो, आणि एकदा चुकला की तो निस्तरण्यासाठी घरात पुन्हा पैसे मागण्याची वेळ येते.

दहा-बारा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर ‘प्रोसेसर’ असे होते. ओबीएस स्टुडिओसारखी विनामूल्य प्रणाली एक्स-२६४ या सॉफ्टवेअर एन्कोडरच्या साहाय्याने प्रोसेसरकडूनच चित्रे आवळून घेत असे आणि खेळ अडखळू लागे. म्हणून अधिक कोअर असलेला महाग प्रोसेसर घ्या, किंवा खेळासाठी एक आणि प्रक्षेपणासाठी दुसरा असे दोन संगणक ठेवा, असा सल्ला दिला जाई. तो सल्ला आजही ऐकू येतो. त्यामागचे कारण मात्र उरलेले नाही. एनव्हिडियाने २०१२ मध्येच ग्राफिक्स कार्डावर एन्कोडरचा स्वतंत्र विभाग दिला होता आणि २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून त्याचा दर्जा इतका सुधारला की सामान्य प्रेक्षकाला फरक ओळखता येऊ नये. हा विभाग खेळाची चित्रे रेखाटणाऱ्या विभागापासून वेगळा असल्याने प्रक्षेपणाचा भार खेळावर फारसा पडत नाही. एकट्याने, घरून प्रक्षेपण करणाऱ्याला दुसऱ्या संगणकाची आता जवळजवळ कधीच गरज नसते.

त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे दाखवायचे काय? भारतातील प्रक्षेपणाचा मोठा हिस्सा बीजीएमआयसारख्या मोबाइलवरील खेळांचा आहे. खेळ फोनवर वा टॅबलेटवर चालतो, त्याचे चित्र कॅप्चर कार्डातून संगणकात येते आणि संगणक ते फक्त आवळून पुढे पाठवतो. अशा प्रक्षेपकाने महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा एन्कोडर अंगभूतच असतो आणि या कामाला तो पुरतो. मात्र ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून क्विक सिंकही नसते. थोडे पैसे वाचतात म्हणून ‘एफ’ प्रकार गळ्यात मारला जातो, तेव्हा ही बाब क्वचितच सांगितली जाते.

खेळ संगणकावरच चालणार असेल, तर खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा राहतो. एकूण रकमेच्या ३५ ते ४० टक्के धरायला हरकत नाही. इथे वेगाच्या आकड्यांइतकेच कार्डावरील स्वतःच्या मेमरीकडे पाहावे लागते. २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ हा खेळ संगणकावर आला, तेव्हा आठ जीबी मेमरीच्या कार्डांवर उच्च दर्जाची चित्रे मावेनात आणि ही मर्यादा मोठ्या प्रमाणावर चर्चेत आली. प्रक्षेपणाची प्रणाली, तिच्यातील दृश्ये, शेजारी उघडलेला ब्राउझर हे सारे त्याच मेमरीत आपापली जागा घेतात. म्हणून प्रक्षेपकासाठी आठ जीबी हा कालबाह्य आकडा समजावा; बारा चालेल, सोळा उत्तम. यात एक मेख आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ मधील दोन्ही कार्डे एकाच नावाने आठ आणि सोळा अशा दोन्ही जीबींत विकली जातात. मोठ्या अक्षरांतील नाव तेच, डबाही बहुतेक तसाच. बिलावर जीबीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एन्कोडरच्या दर्जात एनव्हिडियाची आघाडी बरीच वर्षे टिकली. एएमडीचे कार्ड खेळात तोडीस तोड असले तरी एच-२६४ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत त्याचे चित्र फिके पडे. आरएक्स ९००० मालिकेत ती उणीव पुष्कळशी भरून निघाली आहे. एव्ही१ ही नवी पद्धत कमी माहितीत अधिक स्वच्छ चित्र देते. इंटेलच्या आर्क, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० आणि एएमडीच्या आरएक्स ७००० या २०२२ मधील मालिकांपासून ती प्रत्यक्ष कार्डावर उपलब्ध झाली आणि यूट्यूब ती स्वीकारते. भारतीय प्रेक्षक मुख्यतः यूट्यूबवर असल्याने हा गुण कागदोपत्री राहत नाही. त्यापूर्वीच्या पिढीचे जुने कार्ड घेताना आपण यावर पाणी सोडत आहोत, एवढे ध्यानात असावे.

प्रोसेसरचा भार हलका झाला म्हणून तो दुय्यम ठरत नाही. खेळातील हालचालींचे गणित तोच करतो. एएमडीने २०२२ मध्ये ५८०० एक्सथ्रीडीपासून प्रोसेसरवर कॅश मेमरीचा जादा थर रचण्याची पद्धत आणली. २०२३ मधील रायझन ७ ७८०० एक्सथ्रीडी आणि २०२४ अखेरचा ९८०० एक्सथ्रीडी या दोन्हींत केवळ आठ कोअर आहेत, पण ९६ एमबी एल-थ्री कॅशमुळे खेळात ते सोळा कोअरच्या महाग प्रोसेसरांनाही मागे टाकतात. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांनी सहा कोअरचा आधुनिक प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे कार्डाकडे वळवावेत. मदरबोर्डाचे सॉकेट मात्र पुढचा विचार करून निवडावे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटचा प्रवास संपला आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही इंटेल प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा पिढीतील वापरलेला प्रोसेसर स्वस्तात मिळाला, तरी त्याने आधी काय सोसले आहे हे बाहेरून दिसत नाही.

रॅमचा विषय २०२५ च्या अखेरीपासून अवघड झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की घरगुती मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने चालणारी ग्राहकांसाठीची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. खेळ आणि प्रक्षेपण एकत्र करायचे तर ३२ जीबी हा योग्य आकडा आहे, तोही १६ च्या दोन पट्ट्यांत. पैसे कमी पडत असतील तर तूर्त १६ ची एकच पट्टी घेऊन तशीच दुसरी नंतर जोडावी. आठच्या चार पट्ट्या बसवणे मात्र टाळावे. रायझन ७००० सारख्या डीडीआर५ प्रोसेसरांवर चार पट्ट्यांत मेमरीचा अधिकृत वेग बराच खाली येतो. एक पट्टी असताना वेग कमी राहील हे खरे, पण मोठ्या कॅशच्या प्रोसेसरला त्याची झळ तुलनेने कमी बसते.

साठवणुकीबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. एनव्हीएमई प्रकारची एक टीबीची एसएसडी किमान समजावी. प्रक्षेपण चालू असताना चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रणही करायचे असेल, तर सेकंदाला ५० मेगाबिटांनी तासाला साडेबावीस जीबी जागा लागते, आणि आजचा एकेक खेळच शंभर जीबींच्या पुढे जातो.

वीज, उष्णता आणि अर्थिंग

खरी कंजुषी होते ती एसएमपीएसच्या बाबतीत, कारण तो दिसत नाही आणि त्याच्यामुळे खेळाचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस हजारो रुपयांच्या कार्डाला जोडणे हा जुगार आहे. आरटीएक्स ५०७० हे कार्ड २५० वॅटपर्यंत वीज घेते आणि त्यासाठी एनव्हिडिया ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. आकडा छापील असतो, तो खरा असेलच असे नाही. म्हणून नामांकित बनावट, ८० प्लस प्रमाणपत्र आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. हा भाग पुढच्या संगणकातही वापरता येतो.

यूपीएसचे गणित त्याहून अधिक वेळा चुकते. कार्डाचे २५०, प्रोसेसरचे ८० ते ९०, उरलेल्या भागांचे साठेक आणि मॉनिटरचे तीसेक वॅट धरले, तर खेळ रंगात आला असता एकूण मागणी चारशे वॅटच्या पुढे जाते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. वीज गेली की तो भार न पेलून बंद पडतो आणि ज्या क्षणासाठी घेतला त्याच क्षणी निरुपयोगी ठरतो. अशा संगणकासाठी १००० ते ११०० व्हीएच्या पुढचाच यूपीएस पाहावा आणि राउटरही त्यावरच जोडावा. संगणक चालू पण इंटरनेट बंद, अशी स्थिती प्रक्षेपकाच्या काही कामाची नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का, त्यावर ‘यूपीएस मोड’चे बटण आहे का आणि तो एवढा भार पेलतो का, हे तपासावे. साध्या मोडमध्ये विजेची अदलाबदल इतकी सावकाश होते की पंखा फिरत राहतो आणि संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा संगणकाचा नसून घराच्या अर्थिंगचा असतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. याच दोषाने मायक्रोफोनमध्ये अखंड घूंऽऽ असा आवाज शिरतो आणि लोक मायक्रोफोन बदलत बसतात. वीजतंत्रज्ञाला बोलावून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च या साऱ्या खरेदीत सर्वांत कमी असावा.

उन्हाळ्याचेही तसेच. परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश आणि खोलीत ४० असले, की ते वरचे पंधरा-वीस अंश चिपच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे जमा होतात. ७८०० एक्सथ्रीडीची मर्यादा ८९ अंशांची आहे; ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. म्हणून समोर काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे, धूळ अडवणारी गाळणी असलेले कॅबिनेट घ्यावे. मोठा एअर कूलर या प्रोसेसरला पुरेसा असतो. पाण्याचा पंप असलेला लिक्विड कूलर शोभेचा खराच, पण बिघडू शकणारा आणखी एक भाग त्यात वाढतो.

प्रेक्षकाच्या कानापर्यंत

चित्र किंचित धूसर झाले तरी प्रेक्षक थांबतो, आवाज खरखरला की जातो. तरीही मायक्रोफोनची तरतूद शेवटी, उरल्यासुरल्या रकमेतून होते. आपल्याकडच्या खोलीत डोक्यावर पंखा असतो, खिडकीबाहेर रस्ता असतो. संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोन हे सारे टिपतो. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक मायक्रोफोन अशा घरात अधिक उपयोगी पडतो. ओबीएसमध्ये गोंगाट कमी करणारी सोय आहे, परंतु तिच्यावर फार भार टाकला की बोलणाऱ्याचा आवाजही घशात अडकल्यासारखा येतो.

इंटरनेटच्या जाहिरातीत डाउनलोडचा वेग ठळक असतो. प्रक्षेपकाला अपलोडचा लागतो. साठ फ्रेमच्या फुल एचडीसाठी यूट्यूब सेकंदाला १२ मेगाबिटांची शिफारस करते, तेव्हा प्रत्यक्ष अपलोड त्याच्या दुप्पट तरी असावा. रोज चार तास प्रक्षेपण केल्यास महिन्याला साडेसहाशे जीबींच्या आसपास माहिती बाहेर जाते, त्यामुळे जोडणीची मासिक मर्यादाही विचारून घ्यावी. संगणक राउटरला तारेनेच जोडावा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट. सुट्या भागांच्या या जुन्या बाजारपेठांत भाव ऑनलाइनपेक्षा कमी होऊ शकतो आणि दुकानदार समोरच भाग जोडून देतो. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल न घेता ती रक्कम वाचवण्याचा प्रस्ताव हमखास येतो. तो स्वीकारणे म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडणे, कारण दावा करताना अनुक्रमांकाबरोबर बिलाची तारीख मागितली जाते. परदेशातून खासगीरीत्या आणलेल्या वस्तूला भारतातील सेवा केंद्र वॉरंटी नाकारू शकते, म्हणून आयातदाराचे नाव छापलेले लेबल डब्यावर आहे का ते पाहावे. विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळण्यासाठी टीपीएम २.० व सिक्युअर बूट चालू असणे आवश्यक आहे. मदरबोर्डावर ही दोन्ही सुरू करून, खेळ आणि ओबीएस एकत्र तासभर चालवून, दुकानातच तापमान पाहण्याचा आग्रह धरावा. भाग बदलून घेण्याची मुदत अनेक ठिकाणी जेमतेम आठवड्याभराची असते.