पाणबुड्यांची घड्याळं आणि पानशेतचं पाणी

परवा आमच्याकडे एका घड्याळावरून चांगलीच जुंपली. म्हणजे घड्याळ होतं मामेभावाचं, नवंकोरं. जुंपली मात्र तिघांची: मामेभाऊ, माझा एक मित्र आणि काका. मी चहा करत होतो, त्यामुळे तटस्थ राहिलो (निदान पहिली दहा मिनिटं तरी).

घड्याळ होतं फेवर ल्युबाचं 'डीप ब्लू'. पाणबुड्याचं घड्याळ. आता पुण्यात राहून पाणबुड्याचं घड्याळ कशाला, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना सांगतो, की तो कुणीच विचारायचा नसतो. आमच्यातले बहुतेक जण आयुष्यात ज्या सगळ्यात खोल पाण्यात उतरलेत ते म्हणजे टिळक तलाव. तरी मनगटावर तीनशे मीटर लिहिलेलं असलं की बरं वाटतं.

या घड्याळांची थोडी कुळकथा सांगायला हवी. १९५३ साली ब्लाँपँचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं, त्याच सुमाराला रोलेक्सचं 'सबमरिनर'. ऑक्सिजनच्या, म्हणजे खरं तर हवेच्या नळकांड्या पाठीवर बांधून माणूस नुकता कुठे मोकळा पोहू लागला होता. नळकांड्यातली हवा किती मिनिटं पुरेल हे आत असताना कळायला हवं, नाहीतर वर यायलाच नको. म्हणून काचेभोवती फिरणारी चकती आली. बुडी मारताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती मिनिटं झाली ते थेट वाचता येतं. पुढे चकती एकाच बाजूला फिरेल अशी केली गेली. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसेल, कमी दिसणार नाही. अंधारात दिसणारे जाड काटे, आवळून बसणारी चावी, सगळं याच हिशेबाने. आजचं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं की किमान शंभर मीटर खोलीचा दाब सोसला पाहिजे, आणि चाचणी लिहिलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाखाली घ्यायची.

गंमत अशी की १९८०च्या दशकात मनगटावर बांधायचे डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि या घड्याळांचं खरं काम संपलं. काम संपलं आणि तिथून किंमत चढायला लागली! तेव्हापासून नवं पाणबुडी घड्याळ बाजारात आलं की शौकिनांमध्ये दोन तट पडतात. २००३ साली सबमरिनरच्या पन्नाशीला रोलेक्सने चकती हिरवी केली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. त्याच हिरव्या चकतीला नंतर लोक दुप्पट-तिप्पट मोजायला तयार झाले. २०२० साली सबमरिनर चाळीसचं एक्केचाळीस मिलिमीटर झालं. एक मिलिमीटर! त्यावर झालेली वादावादी ऐकून मला आमच्या वाड्यातल्या सामाईक भिंतीच्या भांडणाची आठवण झाली होती.

पण फेवर ल्युबाची गोष्ट निराळी आहे. ते नुसतं परदेशी घड्याळ नाही, आपल्याकडचंही आहे. १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावातून सुरू झालेलं हे घराणं, आणि १८६५ पासून मुंबईत त्यांचा व्यवहार. म्हणजे टिळक नऊ वर्षांचे होते तेव्हापासून. एखाद्या स्विस कंपनीने इतक्या लवकर इथे पाय रोवल्याची उदाहरणं फार नाहीत. शंभर वर्षांत ते नाव इतकं मुरलं की पुण्यात कुणी ते नीट उच्चारायच्या भानगडीत पडलं नाही. 'फेवरलुबा', एका दमात. आमच्या आजीला टाटा, बाटा आणि फेवरलुबा ही तिन्ही नावं सारखीच देशी वाटायची.

आता हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना पुढचं माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी. आजोबांकडे फेवर ल्युबाचं 'सी-चीफ' होतं. १९५८ साली बाबांच्या मुंजीत आजोबांच्या मुंबईच्या भावाने दिलेलं. परकी चलनाची टंचाई होती, आयात आवळली जात होती आणि एचएमटीचा बंगलोरचा घड्याळ कारखाना सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. कारकुनाच्या मनगटावर स्विस घड्याळ म्हणजे वाड्यात बातमी. बाकी नावात समुद्र असला तरी ते पाणबुड्याचं घड्याळ नव्हे, साधं किल्लीचं घड्याळ.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्याने खडकवासला गेलं. आदल्या रात्री जवानांनी पानशेतवर वाळूची पोती रचून जे काही तास मिळवून दिले त्यामुळे पाणी रात्री न येता दिवसा आलं, आणि नारायण पेठेतले आमचे लोक जिवंत राहिले. आजोबांनी अंघोळीला जाताना घड्याळ काढून फडताळातल्या पितळी डब्यात ठेवलं होतं. 'पाणी आलं' अशी हाकाटी झाली आणि सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे धावले. काका तेव्हा सात वर्षांचे. दुसऱ्या दिवशी परत आले तर वाड्याची मागची बाजू बसलेली, आणि उरलेल्या खोल्यांत मांडीएवढा चिखल. डबा सापडला. घड्याळ दुरुस्त झालं, पुढे पस्तीस वर्षं चाललं, पण डायलवर चार आणि पाचच्या मध्ये एक चहाच्या रंगाचा डाग राहिला. मुठेच्या पाण्याचा. आम्ही लहान असताना आजोबा मनगट पुढे करून म्हणायचे, "हे बघ, पानशेत."

आणि १९९६ साली मी तो डाग घालवला.

नोकरीचा पहिला पगार झाला होता, आजोबांसाठी काहीतरी करावं असं वाटलं. घड्याळ साफ करायला दिलं. दुरुस्तीवाल्याने विचारलं, डायल नवीन करून देऊ का? मी हो म्हणालो. जुना रंग खरवडून, नवा पांढरा रंग देऊन, अक्षरं पुन्हा छापून आलं. चकचकीत. आजोबांनी हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि "छान झालंय हं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी ते फारसं घातलं नाही. २००१ साली ते गेले. आपण काय केलं हे मला कळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली.

असो. तर या घड्याळांचं जगात काय झालं? फेवर ल्युबाने १९६२ साली 'बिव्हॉक' काढलं होतं, हवेचा दाब आणि उंची दाखवणारं. १९६४ साली 'डीप ब्लू'. आणि १९६८ साली 'बॅथी', जे पाण्याखाली नुसता वेळच नाही तर खोलीही काट्याने दाखवायचं, पन्नास मीटरपर्यंत. बॅटरी नाही, काही नाही. मागच्या बाजूने पाणी आत घ्यायचं, एका पातळ पडद्यावर त्याचा दाब पडायचा, आणि पडदा दबला की काटा सरकायचा. घड्याळाच्या पोटात पाणी मुद्दाम घ्यायचं ही कल्पनाच मला अजून धाडसाची वाटते. पुढे क्वार्ट्झच्या लाटेत कंपनी बुडाली, घराण्याने ती विकली, नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं. २०११च्या नोव्हेंबरात टायटनने ते वीस लाख युरोंना विकत घेतलं. ज्या देशाच्या बाजारावर त्या स्विस नावाने शंभर वर्षं राज्य केलं, त्याच देशातल्या टाटांनी! काकांनी त्या दिवशी पेढे आणले होते, हे अतिशयोक्ती न करता सांगतो.

म्हणून पुढे टायटनच्या फेवर ल्युबाने 'रेडर बॅथी १२०' आणि 'रेडर हार्पून' आणली तेव्हा आमच्याकडे उत्सुकता फार होती. बॅथी आता एकशेवीस मीटरपर्यंत खोली दाखवणार आणि किती खोल गेलात ते लक्षातही ठेवणार. टायटॅनियमचं, अठ्ठेचाळीस मिलिमीटरचं. हार्पूनवर तर नेहमीचा तासकाटाच नाही, तास आणि मिनिटं एकाच मोठ्या काट्यावर वाचायची.

मित्र खूश झाला. तो इंजिनिअर, त्याला यंत्र दिसलं. "जगात खोलीमापक घड्याळं किती आहेत सांग बरं, हाताच्या बोटांवर!" मामेभावाने फोटो पाहूनच सांगितलं, "ही ताटली आहे, घड्याळ नव्हे." आणि काका? काका गप्प होते. मग म्हणाले, "पण आपलं कुठाय यात?"

तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता. आता वाटतं, तिघांत मुद्द्याचं तेच बोलले. युरोपच्या आठवणीतला फेवर ल्युबा म्हणजे बर्फातले गिर्यारोहक आणि समुद्रातले पाणबुडे. आपल्या आठवणीतला फेवरलुबा म्हणजे मुंज, लग्न, निवृत्तीचा समारंभ. एक पातळसं, पांढऱ्या डायलचं घड्याळ, जे लोकलच्या वेळेला आणि कचेरीच्या भोंग्याला लावलं जायचं. मालक भारतीय झाले, पण त्यांना घड्याळ विकायचं होतं जगाला, म्हणून त्यांनी जगाची आठवण उचलली. धंदा म्हणून ते चूक म्हणता येणार नाही, मात्र काकांची निराशाही मला खोटी म्हणता येत नाही.

शिवाय जगाच्या लेखी आपल्याकडची जुनी फेवर ल्युबा म्हणजे जरा बदनाम जात. 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. जुनी मशीनं इथे भरपूर, सुटे भाग मिळेनासे झालेले, मग या घड्याळाचे काटे, त्याचं झाकण आणि वर लाल, पिवळ्या, मोरपंखी रंगात नव्याने रंगवलेली डायल. तसली घड्याळं इथून जगभर विकली गेली आणि परदेशी संग्राहक 'विक्रेता भारतातला' एवढं वाचूनच पुढे सरकायला लागले. फसवणूक आहेच, नाही कशाला म्हणा. पण बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरताना मला त्याची दुसरी बाजूही दिसते. हे हात नसते तर ती मशीनं केव्हाच भंगारात गेली असती. टाकून न देणाऱ्या देशातली ही कला आहे. तिच्यात खरं-खोटं करण्याची अक्कल नव्हती, घड्याळ चालू ठेवण्याची होती.

मग टायटननेही हात आखडले आणि नाव एथॉस या आपल्याकडच्या घड्याळविक्रेत्या कंपनीच्या घरात गेलं. ऑगस्ट २०२४मध्ये जिनिव्हात ते पुन्हा उभं राहिलं. या खेपेला 'चीफ', 'सी स्काय' आणि 'डीप ब्लू'. त्यातलं एकोणचाळीस मिलिमीटरचं, १९६४च्या चेहऱ्यावर बेतलेलं डीप ब्लू मामेभावाने घेतलं, आणि परवा ते आमच्या टेबलावर होतं.

मामेभाऊ म्हणाला, माप अचूक, मनगटावर बसतं. मित्र म्हणाला, हे तर जुन्याचीच नक्कल, बॅथीत निदान हिंमत होती. मामेभाऊ म्हणाला, तुझी ती हिंमत खपली का? मित्र म्हणाला, खप हा निकष असेल तर स्मार्टवॉच घे. एवढं होईपर्यंत काकांनी घड्याळ उचलून स्वतःच्या मनगटावर चढवलं होतं आणि ते चकती कुरकुर फिरवत बसले होते. "जड आहे," म्हणाले. "पण चांगलं आहे. पाणी नाही ना जाणार यात?"

"तीनशे मीटर, काका."

"पानशेतच्या वेळी हवं होतं."

कुणीच काही बोललं नाही. मी आत जाऊन आजोबांचं सी-चीफ घेऊन आलो. मामेभावाने ते भिंगाखाली धरलं आणि डायलकडे बघून जे म्हणायचं तेच म्हणाला. रिडायल. संग्राहकाच्या लेखी किंमत जवळपास शून्य. मी म्हणालो, माहीत आहे, मीच केलंय. मग त्याने सुरीच्या पात्याने अलगद मागचं झाकण उघडलं. आत मशीन बघायला मिळेल एवढीच माझी अपेक्षा.

जुने दुरुस्तीवाले घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खुणा करतात. तारीख, नाहीतर स्वतःचा काही सांकेतिक आकडा. पुन्हा तक्रार आली तर ओळखायला. आजोबांच्या झाकणात अशा सहा-सात खुणा होत्या, एकीवर एक. बहुतेक लागल्याच नाहीत. एक १९९६ची असणार, ती मी शोधली नाही. कडेजवळची एक मात्र भिंगाखाली स्पष्ट होती. २० ऑगस्ट ६१.

काकांनी भिंग मागून घेतलं, डोळ्याला लावलं, मग काढून पुसलं, पुन्हा लावलं.

"लाव ते झाकण," म्हणाले. "धूळ जाईल आत."