काळारामाच्या बंद दारापाशी

चैत्रातल्या कामदा एकादशीला नाशकात रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या वर्षीचे मानकरी बुवा रथाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावलांनी चालतात. देवाला पाठ दाखवायची नाही, असा त्यातला भाव. लहानपणापासून मी हा सोहळा पाहत आलो. १९३० सालच्या रथाविषयी मात्र घरात कधी कोणी बोलले नाही. ते मला फार उशिरा, पुस्तकांतून कळले.

त्या वर्षी २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात अस्पृश्यांची परिषद भरली आणि मिरवणूक पंचवटीतल्या काळाराम मंदिराकडे निघाली. जमलेल्यांचा आकडा चरित्रकार धनंजय कीर सुमारे १५ हजार देतात. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि ३ मार्चपासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे कर्मवीर दादासाहेब. वय अवघे २७.

हा लढा इतिहासात हक्काचा लढा म्हणून नोंदला गेला आहे, आणि तो तसा होताच. परंतु दाराशी बसलेली माणसे भजने म्हणत होती, हे आपण ओझरते वाचून पुढे जातो. त्या काळच्या महार समाजात वारकरी होते, गळ्यात तुळशीची माळ घालणारे होते. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. अशा माणसांपैकी काहींच्या लेखी तरी त्या दरवाजापुढे बसणे हे मागणे होते आणि प्रार्थनाही होती. म्हणून त्यांच्याबाबत एक प्रश्न विचारावाच लागतो. इतकी वर्षे आळवूनही दार उघडले नाही, तेव्हा त्यांच्या श्रद्धेचे काय झाले असेल?

९ एप्रिलला रथाचा दिवस उजाडला. तीनच दिवस आधी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले होते आणि देशाचे डोळे तिकडे लागले होते. इकडे दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच स्पृश्यांनी रथ पळवला. पाठोपाठ दगडफेक झाली. पोलिसांचे कडे तोडून रथापर्यंत धावलेला भास्कर कद्रेकर हा तरुण रक्तबंबाळ होऊन पडला. बाबासाहेबांनाही लागले. त्यानंतर मंदिर जवळजवळ वर्षभर बंद राहिले. दुसऱ्याला आत येऊ द्यायचे नाही म्हणून देवालाच कुलपात ठेवायचे, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

याला जुने उत्तर चोखोबांचे. पंढरपुरात ते महाद्वाराबाहेर राहिले. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली ते गेले आणि त्यांची समाधीही महाद्वारापाशीच, बाहेर आहे. विठ्ठल बाहेर येऊन भेटतो, ही त्यांची खात्री होती असे परंपरा सांगते. ही श्रद्धा मोठीच. परंतु तिचे गोडवे आत उभे राहून दर्शन घेणाऱ्यांनी गावेत, हे मला पटत नाही. ‘देव भावाचा भुकेला’ हे वाक्य दाराच्या आतून उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो.

बाबासाहेबांच्या घरातही हा प्रश्न होता. रमाबाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. अस्पृश्य म्हणून त्यांना लांबूनच दर्शन घ्यावे लागले असते. बाबासाहेबांनी नकार दिला. आपणच दुसरी पंढरी उभारू, अशी त्यांनी समजूत काढल्याचे कीर नोंदवतात. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. ती इच्छा तशीच राहिली.

नाशिकचा सत्याग्रह तोवर थकत आला होता. रामनवमीला तो पुन्हा सुरू करावा का, असे गायकवाडांनी विचारले, त्यावर ३ मार्च १९३४ चे बाबासाहेबांचे पत्र आहे. सत्याग्रहाच्या प्रारंभाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. सत्याग्रह थांबवा, असे ते स्पष्ट सांगतात. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ नव्हती, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि अंगी बळ यावे म्हणून होती, असा त्याचा आशय. नेत्याचा हेतू एवढा स्वच्छ होता. मात्र दाराशी बसलेल्या प्रत्येकाचा तोच होता असे मानायला मी तयार नाही. त्यांच्यातल्या कुणाला खरोखरच रामाला डोळे भरून पाहायचे असेल, तर पत्रातली ओळ त्याच्या कानी गेली तेव्हा त्याच्या मनाचे काय झाले, हे कागदपत्रांत सापडत नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्याला श्रद्धेचा पराभव म्हणणारे लोक मला भेटतात. मी त्यांना विचारतो, नाही कोण म्हणाले? राम तर त्या पाच वर्षांत काही बोलला नव्हता. अडसर आतल्या बाजूने माणसांनी घातला होता, आणि देवाच्या मौनाचा अर्थ त्यांनीच परस्पर लावून टाकला होता. माणसाच्या नकाराला देवाची इच्छा समजून बसून राहायचे, एवढेच येवल्याने नाकारले.

पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

आणि १९४८ साली बाबासाहेबांचा अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा तेरा वर्षे होत आली होती. तो ग्रंथ त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. पहिले नंदनार, दुसरे रविदास आणि तिसरे चोखामेळा.